जावयासाठी मासोळी

जावई हे नाव भोजराजनं ठेवलं होतं. ज्याला ठेवलं ते एक पाणमांजर होतं, आणि ते फक्त खेळात होतं.

खेळ आणला मोहाडीच्या इश्वरनं. तो नागपूरला इंजिनिअरिंगला होता. त्याच्या खोलीतल्या मुलाला अमेरिकेतल्या भावानं एक पुस्तक पाठवलं होतं. त्याच्या झेरॉक्स घेऊन पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात इश्वर आंधळगावात आपल्या मित्राकडे, भोजराजकडे आला. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकानं एक जग रचायचं, बाकीच्यांनी त्यात कोणी योद्धा, कोणी मांत्रिक व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते तोंडानं सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवणार. वीस बाजूंचा फासा कुठं मिळणार? चंद्रकांतानं वीस चिंचोक्यांवर आकडे घालून ते तांब्यात टाकले; न पाहता एक काढायचा, तोच फासा. ती भोजराजची मोठी बहीण, भंडाऱ्याहून प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन नुकतीच घरी आलेली. जग रचायचं काम तिच्याकडेच आलं, कारण चुकीची गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नसे.

पुस्तकात सोबतीचे प्राणी होते. कुत्रा, घोडा, ससाणा. भोजराजला त्यातलं एकही नको होतं.

“मले पानमांजर पायजे. वासराएवढं. पाठीवर बसून नदी पार करता आली पायजे.”

“वासराएवढं पानमांजर नसते,” चंद्रकांता म्हणाली.

“अन् आग ओकनारा अजगर असते वाटते!”

इश्वर हसत सुटला. “ताई, हरली तू.”

“हरली नाई. घे मोठं. पन मोठं जनावर म्हनजे मोठं पोट. रोज मासोळी लागन, अन् ते धन्यानं आपल्या हातानं द्यायची. उपाशी ठेवलं तं पान्यात निघून जाईन, मंग येनार नाई. हाक बी धन्याचीच ऐकन.”

“रोज मासोळी, वरून रुसनं!” भोजराजनं कपाळाला हात लावला. “हे पानमांजर नोहोय वो ताई, हा जावई होय. तुहा नवरा असाच भेटन पाय.”

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण नाव पक्कं झालं. पुस्तकात नसलेल्या, आपणच ठरवलेल्या असल्या गोष्टींना तिघं ‘घरचे नियम’ म्हणत.

दिवाळीच्या तोंडावर भोजराजला ताप आला. ताप मेंदूत गेला, असं डॉक्टर म्हणाले. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतर वडील, सुखराम, सकाळी दुकान उघडत आणि दिवसभर गिऱ्हाइकाशी कामापुरतंच बोलत. आई, शकुनबाई, ताटावर बसे, घास मोडी आणि उठे. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

माघात एका दुपारी इश्वर आला. ओसरीवर बसला, चहा प्याला, आणि म्हणाला, “ताई, आपल्या पानमांजराचं, जावयाचं काय झालं असन?”

“काय होईन? धन्याच्या हातच्या मासोळीशिवाय खायचं नाई, असा नियम मीच केला. दिवाळीपासून उपाशी आहे. निघून गेला असन.”

“मले नाई वाटत. बोडीच्या काठावर बसून असन बिचारा. भोजूची वाट पाहून राह्यला असन.”

आत शकुनबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. चंद्रकांताच्या कानाला ते जाणवलं, पण आवाज कशानं थांबला असेल याचा विचार तिनं केला नाही. मुलं चिंचोके घेऊन बसतात, एवढंच आईला खेळाबद्दल ठाऊक होतं. आणि भोजराजला गावाबाहेरच्या बोडीवर, त्या लहानशा तलावावर, गळ टाकून तासन्‌तास बसायची सवय होती.

पुढच्या आठवड्यात मासोळी विकणारी मनकर्णाबाई वाटेत भेटली. डोक्यावरची टोपली सावरत म्हणाली, “काहून वो पोरी, लगन केलं अन् आमाले लाडूबी नाई?”

“कोनाचं लगन?”

“तुहं! तुही माय रोज मासोळी घेते माह्याकडून. म्या म्हटलं, कोन पाव्हना आहे? तं म्हनते, जावई.”

चंद्रकांता तिथंच उभी राहिली. मनकर्णाबाई आपल्याच विनोदावर हसत पुढं गेली.

घरात सुतक फिटलं तरी मासोळी शिजली नव्हती. पण एक बदल झाला होता, आणि तिला तो आत्ता कळला. आई जेवत होती. चार दिवसांपूर्वी तिनं भात मागून घेतला होता.

तिनं इश्वरला गाठलं. तो म्हणाला, “राहू दे ना ताई. जेवून राह्यली ना? मंग?”

“खोटं आहे ते.”

“आपन काय खरं खेळत होतो?”

आईनं तसंच राहावं असं तिलाही वाटत होतं. पण रोज वाट पाहणारी आई एक दिवस काय समजेल, हा विचार तिला बसू देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईच्या मागोमाग बोडीवर गेली. शकुनबाईनं पळसाच्या पानातली मासोळी काठावरच्या दगडावर मांडली आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली, “ये रे जावई, ये.” आवाज तिनं जाड केला होता. भोजराजसारखा.

मग ती वळली, आणि मुलीला पाहून दचकली नाही.

“बरं झालं आली. खाते तो. कालचं पान पाय, साफ आहे. पन समोर येत नाई.” ती दगडाशी बसली. “नावबी काय ठेवलं मेल्यानं...” शब्द निघून गेला, आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मग म्हणाली, “तू शिकलेली आहेस. किती वर्सं जगते हे जनावर?”

“दहा-बारा वर्सं.”

“मंग पुरे मले. तेवढं मीबी जगन.” तिनं चंद्रकांताचा हात धरला. “नियम तूच करते ना? ऐकलं मी त्या दिवशी. एक कर माह्यासाठी. मायच्या हाकेले येईन, असा कर.”

चंद्रकांताला होय म्हणता आलं असतं. पण होय म्हटलं असतं तर आई उद्या हाक मारणार होती, परवाही, आणि पाणी हललं नसतं. लेकराचं जनावरही आपल्याला आपलं म्हणत नाही, असं ती धरून बसली असती.

“माय,” ती म्हणाली, “जावई खेळातला आहे. आमी तिघांनी बोलून बोलून केलेला. बोडीत काई नाई.”

शकुनबाईनं दगडावरच्या पानाकडे पाहिलं.

“मंग मासोळी कोन खाते?”

“बगळे.”

पलीकडच्या बांधावर ते उभेच होते, माणसं जायची वाट पाहत. शकुनबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागावली नाही. नुसती दगडाला टेकली, जसं पोतं खाली ठेवल्यावर टेकतं.

“काय करे तो तुमच्या खेळात?” तिनं विचारलं. “भोजू.”

“जावयाच्या पाठीवर बसून नदी पार करे.”

“अन् शेवटी?”

“शेवटी नदीच्या मधात होता. बाबानं दुकानात बलावलं, म्हनून खेळ थांबला.”

“म्हनजे अजून पान्यातच आहे?”

“हो.”

“पार ने त्याले.”

“फासा टाका लागते, माय.”

“मी तुही माय सांगून राह्यली. ने.”

फाशाशिवाय चंद्रकांतानं कधी कोणाला पाऊलभर पुढं जाऊ दिलं नव्हतं. तिनं बोडीच्या पाण्याकडे पाहिलं आणि सांगायला लागली. पाणी गार होतं. धार मोठी होती. जावयानं मान वर धरली होती. भोजूचे पाय भिजले होते, पण हात सुटला नाही. वाळू लागली. काठ आला.

“उतरला?”

“उतरला.”

“माय मागं आहे, हे ठाऊक होतं त्याले? मागं वळून पाह्यलं का त्यानं?”

नदी, धार, वाळू, काठ हे सारं चंद्रकांताच्या हातातलं होतं. तिनं तोंड उघडलं. पण कोणत्या माणसानं काय केलं, ते त्याचं त्यानंच सांगायचं असतं. पुस्तकातही तसंच होतं, घरच्या नियमांतही.

“ते मले नाई सांगता येत, माय,” ती म्हणाली. “ते फक्त भोजूले सांगता येते.”

शकुनबाईनं मान हलवली, कळल्यासारखी. मग ती उठली आणि घराकडे चालू लागली. त्या दुपारी ती ताटावर बसली, घास मोडला आणि पूर्वीसारखीच उठली.