उंबरमाचीचा वाद

ज्ञान सर्वांचं असतं आणि सर्वांनी मिळून ते वाढवायचं असतं, असं लोककोशाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. त्याखाली 'या विधानाबद्दल संपादकांत मतभेद आहेत' अशी पिवळी पाटी होती.

लोककोश हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. पगार कोणालाच नसल्यामुळे काढून टाकायची सोय नव्हती. शहापूर-मुरबाडकडचे बहुतेक लेख शेखर विशेने लिहिलेले. शेखर सापगावचा. आठवडाभर कल्याणला नोकरी, रविवारी डोंगर, सोमवारी लेख. सिद्धगडाच्या कुशीतल्या उंबरमाचीवर त्याने २००७च्या सुरुवातीला दोन वाक्यं लिहिली. 'उंबरमाची हे मुरबाड तालुक्यातील गाव आहे. हे गाव सध्या ओसाड आहे.' सोबत त्यानेच काढलेला फोटो होता. बंद दारं, रिकामी अंगणं आणि एका ओट्यावर झोपलेलं पांढरं कुत्रं.

ओसाड गावातली सात कुटुंबं वर्षभर भात, नाचणी आणि वरी पिकवत राहिली. आपण नाही हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं.

कळलं ते किशोरला. तो उंबरमाचीचा, मुरबाडच्या कारखान्यात कामाला. नुकतंच लग्न झालेलं. बायको राही धसईची. माहेरी टीव्ही होता आणि सासरी रॉकेलची चिमणी. तिने भांडण केलं नाही, फक्त सांगितलं, "होळीपरत वाट बगन. खांब आलं तर हितंच ऱ्हाऊ. नाय तर मुरबाडला खोली." किशोर गेला तर बाकीच्या घरांतली पोरंही उतरणार, हे त्याच्या बापाला, अनंताकाकांना, न सांगता कळत होतं.

म्हणून किशोर विजेच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला मुरबाडच्या वीज कार्यालयात गेला. तिथल्या साहेबांच्या टेबलावर नवाच कॉम्प्युटर आला होता. साहेबांनी लोककोश उघडून पडदा त्याच्याकडे वळवला.

"गाव ओसाड आहे म्हणतात."

"साहेब, मी तिथनंच आलो ना आता."

साहेबांनी किशोरकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडदा जास्त चकचकीत होता.

"असेल. पण इथं तसं नाही. आधी हे दुरुस्त करून आणा."

किशोरने सायबर कॅफेत बसून 'ओसाड' खोडलं आणि लिहिलं, 'सात घरं आहेत, माझे बाबा आत्ता तिथं आहेत.' संध्याकाळी शेखरने 'ओसाड' परत आणलं. कारण दिलं, 'स्रोत?' किशोरने पुन्हा खोडलं. शेखरने पुन्हा आणलं. 'स्रोत?' शेवटी किशोरने लिहिलं, 'तुझा बाप स्रोत.' हा वैयक्तिक हल्ला ठरून त्याला आठवडाभर लिहायची बंदी झाली आणि प्रकरण मध्यस्थाकडे गेलं.

मध्यस्थ ज्ञानेश्वर पष्टे शहापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. वरीचे तांदूळ हे तांदूळ आहेत की नाहीत, हा वाद त्यांनी असा मिटवला होता की दोन्ही बाजूंनी लोककोशच सोडला. त्यांनी आधी किशोरकडे कागद मागितले. रेशनकार्डावर आणि मतदार यादीत पायथ्याच्या गावाचं नाव होतं. उंबरमाची त्यातच धरत. मग पष्टेसरांनी लोककोशात कोणी कधी न केलेली गोष्ट केली. ते शेखर आणि किशोरला घेऊन गावात गेले.

चढ चढून वर पोचेपर्यंत सरांचा शर्ट पिळायच्या लायकीचा झाला. ओट्यावर अनंताकाका बसले होते. शेजारी पांढरं कुत्रं झोपलं होतं. शेखरने ते लगेच ओळखलं आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

"फोटू तू काडलास?" काकांनी विचारलं.

"हो काका. घरोघर हाका मारल्या. कोणीच नव्हतं."

"कंदी आलतास?"

"गेल्या वर्षी. पौष पौर्णिमेला."

काका किशोरकडे बघून हसायला लागले ते थांबेनात. "आरं, म्हशाची जत्रा ती! आख्खा मुरबाड तालुका म्हशात व्हता. बैल बगायचा, घोंगडी घ्यायची. त्या दिशी मुरबाडात पन कोन भेटत नाय. मुरबाड नाय लिवलास ओसाड?"

शेखर लहानपणी दरवर्षी म्हसा गावच्या या जत्रेला जात असे. त्या वर्षी गर्दी नको म्हणून तो डोंगरात आला होता.

"मला पटलं काका," तो म्हणाला. "पण मला पटून उपयोग नाही. छापील आधार लागतो."

"हे मास्तर बगतात ना डोल्यांनी?"

"मी पाहिलं," पष्टेसर म्हणाले. "पण मी पाहिलेलं चालत नाही."

"आनि आमी? आमी सोता सांगतो ते?"

सर अवघडले. "नियमाप्रमाणे तुम्ही... मूळ संशोधन. म्हणजे कुठं न छापलेलं. ते तर अजिबातच चालत नाही."

काकांनी मान आत वळवली. "गो राही, मूल संशोदनाला चा टाक. आनि या दोगांना बी."

राहीने कोरा चहा आणला. कप ठेवता ठेवता तिने सरांनाच विचारलं, "होळीपरत व्हईल का?"

"छापून आलं की मग चर्चा, मग हरकती, मग निर्णय..."

"म्हंजे नाय," राही म्हणाली आणि आत गेली. काका कपाकडे बघत बसले. ते मघासारखे हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शेखर स्वतःच किशोरला घेऊन मुरबाडच्या एका साप्ताहिकात गेला. संपादकांनी दोघांना नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे गावात लोक राहतात, एवढंच?"

"हो."

"अहो, राहतात ही काय बातमी आहे? सोडून गेले तर सांगा. पहिल्या पानावर घेतो."

होळी उंबरमाचीतच झाली. लाकडं भरपूर होती. दुसऱ्या आठवड्यात राहीने भांडी पोत्यात भरली. पावसाळ्याआधी आणखी चार घरं उतरली, भात झोडून झाल्यावर उरलेली. अनंताकाका सगळ्यांच्या शेवटी आले. कुत्र्याला त्यांनी दोनदा हाक मारली. ते पायवाटेच्या पहिल्या वळणापर्यंत आलं आणि परत गेलं.

पुढच्या पौष पौर्णिमेला काका मुरबाडहून जत्रेला गेले. घोंगडी घेतली. परत निघताना सवयीने सिद्धगडाकडच्या गाडीत चढले. किशोरने त्यांना खाली उतरवून घेतलं.

संपादक शब्दाला जागले. 'उंबरमाची ओसाड' हा मथळा पहिल्या पानावर आला. त्याच रात्री शेखरने लेखातलं 'ओसाड' स्वतःच्या हाताने खोडलं. कारणाच्या रकान्यात त्याने काहीच लिहिलं नाही. सकाळी पष्टेसरांनी ते परत आणलं. आता छापील आधार होता.

वाद मिटल्याची नोंद झाली. लेखातली दोन्ही वाक्यं होती तशीच आहेत. दुसऱ्या वाक्याला तळटीप आहे.