सभासद क्रमांक एक

स्पेनमधल्या फेरोल बंदरातल्या आमच्या बास्केटबॉल क्लबात एखादा जुना सभासद वारला की त्याच्या खालच्या सगळ्यांचा नंबर एकेकाने वर सरकतो. क्लबचा इतिहास लिहायचं लचांड माझ्या गळ्यात पडलं, म्हणून मी एक नंबरच्या म्हाताऱ्या एलाडिओकडे गेलो. दाराची साखळी न काढताच त्याने विचारलं, "इतिहास ऐकायला आलास की माझा खोकला?"

"पहिली रिंग गोदीतल्या वेल्डरांनी केली म्हणतात. खरं का?"

"तुझा नंबर किती रे?"

"तीन."

तेव्हा कुठे साखळी निघाली. "मग ये. मला धास्ती दोन नंबरच्या आमान्सिओची. दर रविवारी फोन करून तब्येत विचारतो लेकाचा."

मी कॉफी केली. "आमान्सिओ मंगळवारी गेला," मी सांगितलं. "तुला कळलं नाही वाटतं. क्लबाची यादी अजून बदलायची आहे."

एलाडिओने आपला कप माझ्यापुढे सरकवला आणि माझा स्वतःकडे ओढला.

खोटं कशाला बोलू, त्याने सरकवलेला कप मीही प्यायलो नाही. मघाशी दोन्ही कप त्याच्यापुढे ठेवून साखर आणायला मी आत गेलो होतो, आणि चार नंबरला एलाडिओचा धाकटा भाऊ आहे.