काटेसाहेबांचे बारा किलो

बाजारात त्यांना सगळे काटेसाहेबच म्हणत. दुकानादुकानांतले वजनकाटे तपासायचे, बरोबर असतील त्यांवर आपल्या क्रमांकाचं सील लावायचं, खोटे असतील ते जप्त करायचे, ही त्यांची नोकरी. पाच ग्रॅमच्या फरकावरून त्यांनी एका किराणावाल्याला रडकुंडीला आणलं होतं. दुकानदार गयावया करायचे, "साहेब, काटा बिघडलाय, माझा काय दोष?" त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं: "काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो." हे वाक्य ते घरीही ऐकवत, जेवताना, काही कारण नसताना.

अशा माणसानं एका फॉर्मवर स्वतःचं वजन बारा किलोंनी कमी लिहिलं.

झालं असं. साहेबांच्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे घरातली अक्का, बावीस वर्षं आजारी आईचं करत राहिली. लग्न नाही, कुठे जाणं-येणं नाही. आई गेली आणि वर्षभरानं अक्का म्हणाली, "मला एकदा समुद्रातली बेटं बघायचीत." नुसती म्हणून थांबली नाही. दोनशे पानी वही आणून तिनं सहा दिवसांचा बेत आखला. पहिल्या बेटावर प्रवाळ, दुसऱ्यावर पक्षी, तिसऱ्यावर जुनं दीपगृह. भरती-ओहोटीच्या वेळा, बोटींची वेळापत्रकं, कुठे रबरी चपला लागतील, कुठे टोपी, सगळं वहीत. ही तीन बेटं बोटीनं करायची. चौथं दूर होतं, तिथे नऊ जण मावतील एवढं चिमुकलं विमान जायचं. त्या पानावर अक्कानं निळ्या पेन्सिलीनं पाणी रंगवलं होतं. तिच्याबरोबर जाणार होते साहेब, बायको आणि कॉलेजात शिकणारी मुलगी.

विमान लहान, म्हणून प्रत्येकाचं वजन आधी कळवायचं होतं. तिघी औषधाच्या दुकानात जाऊन वजन करून आल्या. बायको एकसष्ट, मुलगी सत्तेचाळीस, अक्का ब्याण्णव. साहेबांनी "माझं मला माहीत आहे" म्हणत चौऱ्याहत्तर लिहिलं. माहीत तर होतंच. आठवड्यापूर्वी ऑफिसातल्या मोठ्या काट्यावर, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, ते उभे राहिले होते. शहाऐंशी! पण साहेब उंच, उंचीत पोट खपून जायचं. शिवाय अक्काच्या जाडीवर घरात सगळ्यांत जास्त विनोद तेच करायचे. "अक्का, खिडकीपाशी बसू नका हं, विमान कलंडेल!" अक्काही हसायची. आता त्याच माणसानं शहाऐंशी लिहायचं कोणत्या तोंडानं? तिथे कोण तपासतंय, असं म्हणून त्यांनी पेन खाली ठेवलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

चार दिवसांनी प्रवास कंपनीतल्या बाईंचा फोन आला. मुलीनं तो स्पीकरवर टाकला.

"चौघांचं वजन आणि सामान मिळून आठ किलो जास्त होतंय," बाई म्हणाल्या. "एकाला दोन दिवस तिसऱ्या बेटावर थांबावं लागेल."

सगळ्यांच्या नजरा अक्काकडे गेल्या. साहेबांचीही गेली, हे विशेष.

"मी थांबते की," अक्का लगेच म्हणाली. "मला काय, दीपगृह बघत बसेन."

"अगं, बेत तुझा आणि मागे तूच राहणार?" बायकोचे डोळे भरून आले.

अक्कानं वहीवरून हात फिरवला. "दोन महिने आहेत ना अजून? बघते प्रयत्न करून. भाऊजी, तुम्ही यातले जाणकार. एखादा किलो इकडेतिकडे चालतो का हो?"

बोलायची वेळ हीच होती. साहेबांना ते कळलंही. पण तोंडातून नेहमीचंच निघालं, "नियम म्हणजे नियम, अक्का."

मग अक्कानं जिवाचं रान केलं. दोन वेळा उकडलेल्या भाज्या, पहाटे तासभर चालणं, भूक लागली की पाणी. एकदा जिन्यात चक्कर येऊन मटकन खाली बसली. त्या दिवशी जेवताना साहेबांच्या घशाखाली घास उतरेना. तसा उतरला, दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं, पण समोर अक्काची अर्धी रिकामी ताटली होती आणि तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटत होती. उद्या सांगू, परवा सांगू करता करता दोन महिने गेले. साहेब मूग गिळून बसले ते बसलेच.

जायच्या आधी सह्या करायला चौघांना कंपनीत बोलावलं. सह्या झाल्यावर बाई म्हणाल्या, "विमानवाल्यांचा निरोप आहे, वजन प्रत्यक्ष करून पाठवा म्हणून." कोपऱ्यात पार्सलं मोजायचा काटा होता.

बायको झाली, मुलगी झाली. अक्कानं चपला काढल्या, घड्याळ काढलं, श्वास रोखून ती काट्यावर चढली. चौऱ्याऐंशी. आठच्या आठ किलो उतरवले होते! मुलीनं मावशीला मिठीच मारली.

"या साहेब, तुम्ही राहिलात," बाई म्हणाल्या.

शहाऐंशी.

बाईंनी फॉर्म बघितला, परत आकडा बघितला. "इथे चौऱ्याहत्तर लिहिलंय."

"काटा बिघडलाय तुमचा," साहेब म्हणाले. आवाज उगाच चढला होता. "याला सील तरी आहे का?"

"आहे ना!" बाई बिचाऱ्या घाबरून वाकल्या. "गेल्याच महिन्यात करून घेतलंय."

मुलगीही वाकली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "निरीक्षक क्रमांक सतरा." हा क्रमांक बाबांच्या ओळखपत्रावर ती लहानपणापासून बघत आली होती. महिन्याला शेकडो काट्यांना सील लावणाऱ्या साहेबांना तो काटा आठवतही नव्हता.

"असू दे," अक्का हळूच म्हणाली. "आम्ही तिघी चढलो ना आधी, त्यानं बिघडला असेल."

धरणी दुभंगली असती तर साहेब आनंदानं आत गेले असते. ज्या बाईची त्यांनी दोन महिने उपासमार केली, तीच त्यांची अब्रू झाकायला बघत होती. ते काट्यावरून खाली उतरले.

"नाही, अक्का. काटा बरोबर आहे. मीच खोटं लिहिलं. लिहितानाच माहीत होतं मला." बायकोकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. "तुम्ही तिघी जा. तिसऱ्या बेटावर मी थांबतो."

बाईंनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली. "मग काहीच अडचण नाही. उलट वजन बरंच खाली येतंय."

"मावशीचं वजन आधीइतकंच असतं तरी?" मुलीनं विचारलं. विचारलं बाईंना, पण बघत होती बापाकडे.

"हो, तरी आरामात चाललं असतं."

अक्का बाकावर बसली. हातातली वही तिनं मांडीवर ठेवली. मग पर्समधून तिनं बिस्किटांचा पुडा काढला.

"काल दुपारपासून पोटात काही नाही," ती म्हणाली. "काट्याची धास्ती."

तिनं पुडा फोडला आणि सवयीनं पहिलं बिस्किट साहेबांपुढे धरलं. "घ्या, भाऊजी."

साहेबांनी ते घेतलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?