कुठलं एचेवेरिया?

ओस्वाल्दो माझ्या बारमध्ये आला ती जूनमधली सकाळ होती. गवत कापणीला आलं होतं, त्यामुळे बारमध्ये म्हाताऱ्या बेल्त्रानशिवाय कुणी नव्हतं. पत्ते खेळायला जोडीदार मिळत नव्हता म्हणून तो एकटाच पत्ते पिसत बसला होता. आलेला माणूस साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, इस्त्रीच्या शर्टातला. बूट मात्र चिखलानं भरलेले. त्यानं कॉफी मागितली, टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं,

"बाई, इथं एचेवेरिया घर कुठं आहे?"

बोलण्यावरून कळलं, अर्जेंटिनाचा. स्पेनच्या उत्तर टोकाला असलेल्या आमच्या बास्तान खोऱ्यात दर उन्हाळ्यात असे काही जण येतातच. कुणी चिलीहून, कुणी मेक्सिकोहून. आजोबा-पणजोबा इथून बोटीनं गेले ते आडनाव घेऊन. आता नातवंडं ते आडनाव घेऊन घर शोधत येतात.

"कुठलं एचेवेरिया?" मी विचारलं.

तो हसला. "आल्यापासून जो तो मला हेच विचारतोय."

बेल्त्राननं पत्ते खाली ठेवले. "आडनावाचा अर्थ ठाऊक आहे का तुम्हाला?"

"आहे ना. नवं घर."

"मग झालं तर. पोराचं लग्न झालं, जुन्या घरात माणसं मावेनाशी झाली, की बांधायचं शेजारी नवं. त्याला नाव काय द्यायचं यावर कोण डोकं खपवतंय? नवं घर. गावोगाव एक तरी आहेच, काही गावांत दोन आहेत. आणि त्या घरातून जो बाहेर पडला तो घराचंच नाव लावून पडला."

"म्हणून आम्ही इतके," तो म्हणाला. "मी लांब पल्ल्याची बस चालवायचो. प्रत्येक फेरीला एखादा तरी एचेवेरिया चढायचा. मी त्याला पुढच्या सीटवर बसवायचो. म्हटलं, न जाणो, भाऊबंद असेल."

"निघाला का कुणी?"

"एक निघाला, चुलत चुलत भाऊ. सगळा रस्ता घोरत होता."

मला तो माणूस तेव्हाच आवडला. मी त्याला न मागता चीज कापून दिलं.

आजोबांनी गावाचं नाव कधी सांगितलंच नव्हतं. ते नुसतं 'गाव' म्हणायचे. घराच्या खुणा मात्र सांगितल्या होत्या. दगडी कमानीचं दार, दारावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन कोरलेली ढाल, पुढे अक्रोडाचं झाड, मागे ओढा.

बेल्त्राननं कपात तोंड घातलं, पण त्याचे खांदे हलत होते. "अहो, ती ढाल सगळ्या खोऱ्याची आहे. या खुणा घेऊन तुम्ही माझ्या घरीसुद्धा याल. माझ्याकडे ओढासुद्धा आहे."

ओस्वाल्दोनं तोपर्यंत चार एचेवेरिया पालथी घातली होती. एकाचं हॉटेल झालं होतं, एकाच्या छपरातून झाड उगवलं होतं, एका ठिकाणी कुत्रा अंगावर आला आणि चौथ्या घरच्या बाईनं, आमच्याकडे यंदा दोन येऊन गेले, असं सांगून दार लावलं.

"आमच्या गावचं एचेवेरिया म्हणजे माझ्या बहिणीचं घर," मी म्हणाले. "चला, दाखवते. पण ती जरा तिखट आहे."

तिखट हा शब्द सौम्यच झाला. माझी थोरली बहीण ग्राशी त्या घरात लग्न होऊन गेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मुलाला, बेन्यातला, हाताशी धरून गुरं आणि शेत तिनंच सांभाळलं. आणि या आडनाववाल्यांचा तिला वीट आला होता. येतात, भिंतीला हात लावून रडतात, फोटो काढतात, तिनं घातलेलं जेवतात आणि जातात. एकानं तर उंबऱ्याचा टवका काढून खिशात घातला होता.

आम्ही वर पोचलो तेव्हा डोंगराआड ढग जमत होते. वाळलेलं गवत अजून निम्मं शेतात होतं आणि ग्राशी पंजाच्या काठीनं ते भराभरा ओढत होती. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"कुठून?"

"तांदिलहून," ओस्वाल्दो म्हणाला. "अर्जेंटिना. माझं आडनाव..."

"कळलं. हे बघा, रडायचं असेल तर अक्रोडाखाली बसून रडा. इकडे आलात तर काम करावं लागेल."

ओस्वाल्दोनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. गवत ओढण्याचा त्याला काडीचा सराव नव्हता. पहिल्याच चढावर तो ट्रॉलीवरून घसरून गवतात पडला आणि ग्राशीनं फक्त एवढंच विचारलं, "काठी मोडली का?" बेन्यात तोंड फिरवून हसला. पस्तिशीचा बाप्या, पण आईसमोर अजूनही तोंड फिरवूनच हसतो.

पुढे गंमत झाली. आमच्या घरांत गवत वरच्या मजल्यावर साठवतात. मागच्या बाजूनं एक अरुंद चढ थेट माडीच्या दारात जातो आणि ट्रॅक्टरनं ट्रॉली उलटी ढकलत त्यावरून न्यावी लागते. बेन्यातला ते कधी जमलं नाही. दाराचा डावा खांब त्यानं घासून घासून निम्मा केला आहे. त्या दिवशी तो तीनदा वाकडा गेला. वर पावसाचे थेंब सुरू झाले. ओस्वाल्दो पुढे होऊन म्हणाला, "मी बघू का?" बेन्यात उतरला. ओस्वाल्दो चढला, आरशात पाहिलं, मान मागे वळवली आणि ट्रॉली लोण्यातून सुरी जावी तशी दारातून आत गेली. दोन्ही बाजूंना सारखी जागा.

ग्राशी काठी टेकून बघत राहिली. मग म्हणाली, "जेवायला थांबा."

जेवताना बाहेर धो धो पाऊस आणि आत कोकराचा रस्सा. ओस्वाल्दो भिंतींकडे, तुळयांकडे पाहत होता. घास गिळून त्यानं हळूच विचारलं, "म्हणजे आपण नातेवाईक म्हणायचे का? तुम्ही एचेवेरिया, मीही एचेवेरिया."

"मी कुठली एचेवेरिया?" ग्राशी म्हणाली. "मी मारितोरेना. ही फेर्मिनासुद्धा. माझा नवरा इंदाबुरु. त्याच्या आईचं काही वेगळंच होतं. या घरात एचेवेरिया नावाचं माणूस कधी होतं ते कुणाला आठवत नाही. मुलींच्या हाती घर येत गेलं, जावई येत गेले, आडनावं बदलत गेली."

"पण वाटेत भेटलेले सगळे तुम्हाला ग्राशी एचेबेरीच म्हणत होते."

"ते घराचं नाव, आमच्या बोलीतलं. या घरात जो राहतो तो एचेबेरी. उद्या गाय बोलायला लागली तर तिलाही म्हणतील."

ओस्वाल्दो एवढा हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. "म्हणजे मी जन्मभर नाव घेऊन फिरतोय आणि घर नाही. तुमच्याकडे घर आहे आणि नाव नाही."

"वाढू का अजून?" ग्राशीनं विचारलं. तिच्याकडे हे कौतुकाचं बोलणं असतं.

त्यानं माझ्या बारवरची खोली घेतली. दोन रात्री म्हणून घेतली आणि राहिला. रोज सकाळी कॉफी पिऊन वर जायचा, संध्याकाळी केसांत गवत घेऊन खाली यायचा. बायको वारल्याचं आणि तांदिलला मुलगी असल्याचं त्यानं सांगितलं होतं; ग्राशीबद्दल तो बोलायचा नाही. गाई कशा आहेत, ट्रॅक्टरचा क्लच कसा आहे, हे सांगायचा. ग्राशी मात्र दही द्यायच्या निमित्तानं बारमध्ये यायला लागली. त्याआधी ती मला दही बेन्यातच्या हाती पाठवायची.

मग एका रविवारी प्रार्थनेची घंटा झाली. आम्ही सगळे बारसमोर उन्हात उभे होतो. ओस्वाल्दो मान वाकडी करून ऐकत होता. घंटा थांबली तरी तो तसाच.

"दुसरी कधी होते?" त्यानं विचारलं.

"दुसरी कुठली?"

"घंटा. आजोबा सांगायचे, अंथरुणात पडल्या पडल्या दोन घंटा ऐकू यायच्या. एकीचा आवाज जाड, एकीचा चिरका. आणि दोघी कधी एकदम वाजायच्या नाहीत, एकमेकींची वाट बघायच्या."

आमच्या गावाला एकच घंटा आहे आणि चारी बाजूंना डोंगर. दुसऱ्या गावचा आवाज इथं पोचणं शक्य नाही.

"वारा तिकडचा असला की येतो कधीकधी आवाज," ग्राशी म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझी बहीण कधी खोटं बोलत नाही. ग्राहकाला दूध पातळ असेल तर पातळ आहे म्हणून सांगते. मला तिथल्या तिथे सगळं कळलं.

बेल्त्रानला कळलं नाही. तो म्हणाला, "छे, इथं कुठून? हां, खिंडीपलीकडे नदीच्या दोन अंगांना दोन गावं आहेत बघा समोरासमोर. मधल्या रस्त्यावर होतं एक एचेवेरिया. तेच असणार."

"तुला कुणी विचारलं होतं?" ग्राशी त्याच्यावर खेकसली आणि तरातरा वर निघून गेली.

ओस्वाल्दो संध्याकाळी मला म्हणाला, "मला ते घर नको सापडायला. पण आता न बघता कसा जाऊ?" दुसऱ्या दिवशी सकाळी ग्राशीच बेन्यातची गाडी घेऊन दारात उभी. अंगात चर्चला जाताना घालायचा कोट. "बसा," ती म्हणाली. "खोट्यावर कुणाला ठेवून घ्यायची माझी पद्धत नाही."

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

खिंडीपलीकडे ते घर नव्हतं. रस्ता रुंद केला तेव्हाच पाडलेलं. कमान नाही, अक्रोड नाही. होता तो बसचा थांबा. पत्र्याचं छप्पर, एक बाक आणि वर पाटी: एचेवेरिया. दोघं बाकावर बसली. बाराच्या सुमाराला नदीपलीकडून जाड घंटा झाली. ती पूर्ण थांबल्यावर अलीकडची चिरकी सुरू झाली. ओस्वाल्दोनं डोळे मिटून ऐकलं आणि मग हसायला लागला. जन्मभर बस चालवली, आणि पूर्वजांच्या जागी काय, तर बसथांबा. तो हसत होता आणि ग्राशीच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं.

तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं दार उघडलं. "चढताय का?"

"नाही," ओस्वाल्दो म्हणाला आणि पाटीकडे बोट दाखवलं. "हे माझं नाव आहे. मीपण ड्रायव्हर."

ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं हात मिळवला. "मी रोज तुमच्या नावापाशी थांबतो आणि इथं कधी कुणी नसतं." मग दोघं गिअर, घाट, ब्रेक यांवर बोलत उभे राहिले. आतल्या बायका खिडकीतून डोकावून विचारायला लागल्या, आम्हाला बाजाराला न्यायचंय का नाही. कशासाठी थांबलोय ते कळल्यावर त्यातल्या एकीनं सांगितलं, माझ्या सुनेचं आडनावही एचेवेरियाच. दुसरी म्हणाली, माझ्या आईचं. ओस्वाल्दोनं खिडक्यांखालून फिरत सगळ्यांशी हात मिळवले.

परत येताना खिंडीच्या माथ्यावर ग्राशीनं गाडी थांबवली. समोर आमचं सगळं खोरं.

"तिकीट बदलून मिळतं का रे?" तिनं विचारलं.

तोपर्यंत ती त्याला अहो-जाहोच करत होती.

"कशाला?"

"गवताची दुसरी कापणी ऑगस्टमध्ये असते."

ओस्वाल्दो म्हणाला, "मिळतं." बस, एवढंच. माझ्या बहिणीच्या लग्नाची मागणी इतकीच झाली.

बेन्यातला विचारलं तर तो म्हणाला, "राहू देत. ट्रॉली नीट लागते." पण त्याच दिवशी त्यानं वरच्या खोलीला रंग द्यायला घेतला.

लग्न पुढच्या एप्रिलमध्ये झालं, खोऱ्यातल्या मुख्य गावी, एलिसोन्दोच्या नगरपालिकेत. ओस्वाल्दोची मुलगी मिलाग्रोस नवऱ्याला आणि दोन पोरींना घेऊन तांदिलहून आली. बापाला बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही घर बघायला गेला होतात." तो म्हणाला, "बघितलं ना." महापौरबाईंनी नावं वाचली: ओस्वाल्दो एचेवेरिया, ग्राशी मारितोरेना, राहणार एचेवेरिया. वाचता वाचता त्या अडखळल्या, कागद वर-खाली बघितला, कुणी दोनदा तर लिहिलं नाही ना. सगळा हॉल हसला.

गावात आता त्याला ओस्वाल्दो एचेबेरी म्हणतात. तो मला म्हणाला होता, "फेर्मिना, अहो मी जन्मापासूनच आहे एचेवेरिया." मी म्हटलं, "ते तुमच्या कागदावरचं. इथलं तुम्ही ग्राशीच्या घरात राहायला आलात म्हणून." त्याला ते पटलं असावं, कारण नंतर पत्त्यांच्या टेबलावर तो तेच एका पाहुण्याला समजावून सांगत होता.

लग्नाच्या दिवशी जेवण माझ्याच बारमध्ये झालं, टेबलं बाहेर चौकात मांडून. कोकरू, चीज, करवंदासारख्या रानफळांची लालभडक दारू. मिलाग्रोसच्या पोरी बेन्यातच्या मागे मागे गाई बघायला गेल्या आणि शेणानं माखून आल्या. चार वाजता बासरी आणि ढोलकं सुरू झालं, तसे पुरुष उठले आणि चौकात गोल करून आमचा नाच सुरू झाला. तो संथ नाच आहे. चार पावलं पुढे, वळायचं, दोन मागे. गावातली पोरं चालायला लागतात तेव्हापासून शिकतात, म्हणून बाहेरचं कुणी त्यात शिरत नाही. बेल्त्रान काठी टाकून गोलात गेला आणि ओस्वाल्दोला दंडाला धरून ओढत नेलं. तो नको नको म्हणत होता. सगळा गोल उजवीकडे वळला की हा डावीकडे, समोरच्याच्या अंगावर जाऊन आदळायचा आणि माफी मागायचा. बेन्यात त्याच्या मागे होता. प्रत्येक वळणाला तो ओस्वाल्दोचे दोन्ही खांदे धरून त्याला बरोबर बाजूला फिरवायचा. ग्राशी माझ्याशेजारी उभी होती, हातात रिकामी ताटं.

"काय नाचतोय," ती म्हणाली आणि ताटं तशीच हातात धरून, नाच संपेपर्यंत तिथून हलली नाही.