न धुतलेली लाख

दुधरामचा खेमराज नागपूरला एम.एस्सी. करत होता. सालेकशाकडून रसायनशास्त्र तितकं शिकायला गेलेला तो पहिलाच. काय शिकतोस असं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, पळसावरच्या लाखेच्या किड्यात लाल रंग असतो, त्या रंगाचे रेणू कसे बांधलेले आहेत ते बघतो. रेणू म्हणजे डोळ्याला न दिसणारा बारका कण.

"दिसत नाही ते पाह्याले नागपूरले जा लागते होय?" दुधराम म्हणाला. खेमराजही हसला.

जर्मनीशी दुसरी लढाई सुरू झाली त्याच्या पुढल्या आषाढात तो गावी आला. बांधावरचे पळस दुधरामचे आणि माझे सामाईक होते. त्यातली काही झाडं खेमराजने निवडली आणि लाखेचं बियाणं, म्हणजे जिवंत किड्यांच्या काड्या, स्वतः फांद्यांना बांधल्या. बाजारातली लाख गावोगावची मिसळलेली असते, ती त्याला चालत नव्हती. झाड कोणतं आणि किडा कधी बसला हे ठाऊक असलेली लाख हवी होती. त्याचे प्राध्यापक उन्हाळ्याआधी निवृत्त होणार होते, आणि त्यांच्यामागे या कामात लक्ष घालणारं कॉलेजात कोणी नव्हतं. कार्तिकातलं पीक चुकलं तर सगळं काम वाया जाईल, हे तो बापाला सांगून गेला.

कार्तिकात त्याला निघता आलं नाही. पीक दुधरामने आणि मी काढलं. दुधरामने लाख खरवडून टोपलीत भरली, बायकोपुढे, रुख्मापुढे, ठेवली आणि सांगितलं की खेमराजची आहे, नागपूरला जायची आहे, नीट ठेव. तो कमी बोलणारा माणूस. एवढं बोलला तेच खूप.

रुख्मा लाखेच्या कामात वाढलेली. तिच्या माहेरची लाख गोंदियाला विकायला जाई, आणि मळकी दिसली की व्यापारी चारचौघांत नावं ठेवत. त्यामुळे लाख नीट ठेवायची म्हणजे कुटायची, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत चोळून धुवायची आणि सावलीत वाळवायची. तिने तेच केलं. पोराच्या मास्तरांपुढे जाणारी वस्तू म्हणून एरवीपेक्षा जास्तच धुतली.

खेमराज आला तेव्हा ओसरीत सुपात लाख होती, पिवळी, दाणेदार. मी तिथेच बसलो होतो. त्याने मूठभर उचलली, पाहिली आणि परत सुपात सोडली.

"माय, पाणी कुठं टाकलं?"

"काऊन?"

"रंग पाण्यात गेला. मले रंगच पाहिजे होता."

रुख्मा आत गेली आणि कापसाचे वाळलेले लाल फोये घेऊन आली. नवरीच्या पायाला माहूर लावायला बायका लाखेच्या पाण्यात कापूस बुडवून असे फोये करून ठेवतात. शेजारच्या सुमित्राबाईच्या मुलीचं लग्न होतं, त्यासाठी तिने ते केले होते. खेमराजने एक फोया घाईने उचलला.

"याच्यात काही घातलं का?"

"तुरटी. तुरटीबिगर रंग धरते का?"

त्याने फोया तिच्या हातात परत ठेवला. तुरटी लागली की रंग तिच्याशी बांधला जातो, मूळचा राहत नाही, असं त्याने मला नंतर सांगितलं. आईला सांगितलं नाही. तिला म्हणाला, "लग्नाले दे. रंग चांगला आला."

त्याने झाडांवर पुन्हा बियाणं बांधलं आणि वैशाखात स्वतः पीक काढलं. ती लाख माळ्यावर ठेवली. रुख्मा त्या टोपलीजवळ ओला हात नेत नसे. पण तोवर प्राध्यापक निवृत्त झाले होते. नव्यांना लाखेत रस नव्हता, त्यांनी त्याला हिरड्यावर काम दिलं. एम.एस्सी. झाला, वर्षभर उशिराने.

निकाल घेऊन तो घरी आला, त्या दिवशी रुख्माने टोपली माळ्यावरून खाली उतरवली. लाखेचा गठ्ठा झाला होता. तिने ती त्याच्यासमोर ठेवली.

"आता धुवू का?"

त्याने टोपली तिच्याकडे सरकवली.

"धू," तो म्हणाला. "अन् तुरटी घाल."