डिझेलवर चालणारं शीड

चिंचणवाडीत नवा पाहुणा आला की गावकरी त्याला देऊळ दाखवायच्या आधी होडी दाखवायचे. खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढचं हे कोरडवाहू गाव. उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकू आला की बाया हातातली भाकरी तव्यावर टाकून धावायच्या. अशा गावात सुभेदार मानसिंगांच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडात शिडाची होडी उभी, तीही चांगली डोलकाठीबिलकाठीसकट.

"प्यायला पानी न्हाई आन् फिरायला होडी!" हे वाक्य राजेश्वरीनं इतक्यांदा ऐकलं होतं की लहानपणी तिला ती जुनी म्हणच वाटायची.

तिचे वडील, म्हणजे हेच सुभेदार आबा, लष्करात इंजिनिअर पलटणीत होते. दुष्काळी गावातला हा गडी तिथं शिडाची होडी हाकायला शिकला, शर्यतीसुद्धा जिंकला. निवृत्त होताना पलटणीच्या क्लबानं मोडीत काढलेली एक जुनी, लाकडी फळ्यांची होडी त्यांनी जवळजवळ फुकटात घरी आणली. दारात उतरवताना बायकोला, मनुबाईला, म्हणाले होते, "हिला खर्च कसला? वारं फुकट असतंया."

ते फुकटचं वारं घराला लय महागात पडलं. कारण होडी पाण्यावर वाऱ्यानं चालत असली तरी पाण्यापर्यंत तिला डिझेलच न्यायचं. कधी कण्हेरच्या धरणावर, कधी धोमला. टेम्पोमागं ट्रॉली, ट्रॉलीवर होडी. वाटेत बेअरिंग गेलं, टायर फुटला, ड्रायव्हरला भूक लागली. एकदा शिवलेलं शीड वर्षानुवर्षं टिकलं. ट्रॉलीचे टायर मात्र एका उन्हाळ्यात टक्कल पडून बसायचे.

"आबा, ही पान्यापेक्षा रस्त्यावरच जास्त चाललीय," वीरधवल म्हणायचा. "हिचं शीड काढा आन् नंबरप्लेट लावा."

वीरधवल राजेश्वरीचा धाकटा भाऊ. लायसन मिळाल्यापासून ती ट्रॉली त्यानंच ओढली होती, तेव्हा बोलायचा हक्क त्याचाच. मनुबाई तर होडीला सरळ सवतच म्हणायची. "माज्या अंगावर डोरल्याशिवाय सोनं न्हाई, आन् ह्यांच्या सवतीला दर साली नवं टायर!"

राजेश्वरीला मात्र त्या होडीचा कोण अभिमान. सांगलीच्या कॉलेजात तिनं "आमच्या घरी शिडाची होडी आहे" असं सांगितलं, तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, "अगं, कोकणातली का तू?" तिनं मान ताठ करून उत्तर दिलं होतं, "न्हाई, खटावची."

आता ती सांगलीतच विश्रामबागेत नांदत होती आणि नऊ महिन्यांची चिमी घेऊन माहेरी आली होती. आली तर होडी विकायला काढलेली. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दोन वर्षं होडी शेडातून हललीच नव्हती. वीरधवलला ते शेड ट्रॅक्टरसाठी हवं होतं. गिऱ्हाईकही मिळालं होतं. श्रेयस नावाचा सांगलीचा उमदा पोरगा, मिरज रस्त्याला नवं गार्डन हॉटेल काढत होता. हिरवळीवर होडी ठेवायची, भोवती दिव्यांच्या माळा सोडायच्या, लोक येऊन फोटो काढतील. तो रविवारी येणार होता.

आबा हो म्हणाले होते, आणि तेव्हापासून शेडाकडं फिरकलेच नव्हते. अंगणात खुर्ची टाकायचे, तीसुद्धा शेडाकडं पाठ करून.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी आलं. कालव्याचं, धरणातून उचललेलं. किती निवडणुका त्याच्या नावावर पार पडल्या होत्या. गावाखालचं तळं, ज्यात पोरं वर्षभर क्रिकेट खेळायची, ते बघता बघता भरलं. खेळपट्टी बुडाली, मग बाभळी शेंड्यापर्यंत बुडाल्या, मग बांधावर उभी राहिलेली म्हातारी माणसं डोळे पुसू लागली. रविवारी सकाळी पाण्याची ओटी भरायचं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी राजेश्वरी आतल्या खोलीत चिमीला पाजत बसली होती. बाहेर आबांचा आवाज आला. सुभेदाराचा आवाज, पण विनवणीचा.

"एकदा, वीर. आपल्या तळ्यात एकदाच सोडू दे. मंग न्यावी खुशाल."

"आबा, दोन साल तापल्या पत्र्याखाली वाळलीय ती. फळ्या आकसल्या असतील. तुमीच शिकवलंय न्हवं, कोरडी ऱ्हायली की सांदं उघडत्यात? सारा गाव गोळा हुनार हाय. मधी जाऊन बुडली तर?"

"पवता येतंय मला."

"तुमी पवाल वो. गाव हसंल त्याचं काय? इतकी वर्सं हसलं ते कमी हाय का?"

आबांची काठी अंगणाकडं टकटकत गेली. चिमी मांडीवर झोपली होती, तरी राजेश्वरीला जागचं हलवेना. भाऊ खोटं बोलत नव्हता, हेच जास्त लागत होतं. आबांना होडी जाण्याचं दुःख एवढं नव्हतं. ज्या मातीत ती थट्टेचा विषय झाली, त्या मातीत ती एकदा तरंगलेली त्यांना बघायची होती. ते झालं नाही तर मिरज रस्त्याच्या दिव्यांत ती कायमची उभी राहणार, आणि गाव म्हणणार, बरं झालं, वेड गेलं.

सकाळी चिमीची अंघोळ झाली. राजेश्वरी टबातलं पाणी मोरीत ओतणार तोच आईनं रोजच्यासारखा टब ओढून घेतला. "इकडं आन. मोरीत काय मोती पिकत्यात?" आणि परड्याकडं निघाली. आल्यापासून हे रोजचंच होतं. आई कढीपत्त्याला घालत असेल, असं राजेश्वरीला वाटायचं. आज चिमीला कडेवर घेऊन ती सहज मागं गेली.

आई कढीपत्त्याला वळसा घालून शेडात शिरली. होडीवर गोणपाटं अंथरलेली होती. आईनं टब तिरपा केला आणि बेबी साबणाच्या वासाचं ते पाणी हळूहळू, सांध्यासांध्यावरून सोडलं. पाळण्यातल्या लेकराला तेल लावावं तसा ओला हात फळीवरून फिरवला.

"आई! रोज घालतीस?"

मनुबाई दचकली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "तर! भांड्याचं पानी, तांदळाचं धुवान, जे उरंल ते. आता तुजी लेक आलीया तर तिच्या अंघोळीचं."

"टँकरच्या पाण्यात?"

"टँकरचंच की. तुज्या आबाचा गुडघा बरा झाल्यावर त्यांनी काय फुटकी होडी बगायची व्हय?" आणि लगेच आवाज चढवून, "आगं, सवत हाय म्हनून काय तानेली मारायची तिला?"

राजेश्वरीनं चिमीला आईच्या हातात दिलं आणि अंगणात धावली. "आबा, उठा. शेडात चला."

"कशाला गं?"

"चला म्हणते ना!"

आबा काठी टेकत आले. गोणपाट बाजूला केलं. अंगठ्याचं नख एका सांध्यात घालून बघितलं, दुसऱ्यात, तिसऱ्यात. नख कुठंच शिरेना. पार टोकापर्यंत तपासत गेले, मग वळून बायकोकडं बघितलं. ती नातीचं टोपडं नीट करत होती, जसं काही ते फारच वाकडं झालं होतं.

"मनू," आबा म्हणाले. लेकरांसमोर त्यांनी बायकोला नावानं हाक मारल्याचं राजेश्वरीला आठवत नव्हतं.

आवाज ऐकून आलेल्या वीरधवलनं स्वतः नख लावून बघितलं. मग झटकन शेडाबाहेर गेला आणि शिट्टी मारली. "ए गड्यांनो, या रं! खांदं द्या! ट्रॉलीचं टायर बसलंय, आन् आता त्यावर एक रुपया घालनार न्हाई मी!"

होडी गल्लीतून खांद्यांवर निघाली. तात्याबा, गावातले सगळ्यांत जुने थट्टेखोर, पारावरून ओरडले, "सुभेदार, आवं डिझेल भरलं का?"

"आज वाऱ्यावर हाय, तात्याबा!"

तळ्याच्या बांधावर बायका साडी-खण, नारळ घेऊन उभ्या होत्या. एरवी ओटी काठावरूनच सोडायची. पण आबा होडीत बसले, आणि त्यांनी मनुबाईपुढं हात केला. "चल. मधल्या पान्याची ओटी भर."

"बया! मी न्हाई बसायची सवतीच्या मांडीवर." असं म्हणत ती बसलीसुद्धा.

डोंगरावरच्या पवनचक्क्या फिरत होत्या. वाऱ्याला इथं कधीच तोटा नव्हता. त्यानं आजवर नुसती उभी ज्वारी लोळवली होती. आबांनी दोर ओढला, ठिगळ लावलेलं शीड चढलं, एकदा फडफडलं, आणि पोट फुगवून ताठ झालं. होडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. बांधावरच्या एवढ्या माणसांतून कुणी हसलं नाही. तात्याबांनी डोक्यावरचा पटका काढून हातात धरला.

मध्ये जाऊन मनुबाईनं ओटी सोडली. खण पाण्यावर हिरवागार पसरला. राजेश्वरीनं चिमीला उंच धरलं. "बघ, तुझी आजी. बघ, तुझे आजोबा."

श्रेयस कधीचा येऊन मागं उभा होता. होडी काठाला लागली तसा तो हळूच म्हणाला, "वीरधवलदादा, मग... आज न्यायची ना?"

शेजारच्या वाडीतून आलेला एक पाहुणा त्याच वेळी विचारत होता, "कुनाची रं ही होडी?"

"आमची," वीरधवल त्याला म्हणाला, आणि श्रेयसकडं वळला. "माफ कर गड्या. तिला कसली हिरवळ आन् कसल्या माळा? तू चल, बस, एक चक्कर मार. हेलपाटा तरी वाया नको."

श्रेयस बूट काढून बसला. परत आल्यावरही त्यानं हॉटेलाचं नाव काढलं नाही. दोर कसा धरायचा तेवढंच दोनदा विचारलं.

दिवसभर घराला माणसांचा वेढा. प्रत्येकाला होडीत बसायचं होतं आणि बसून आल्यावर प्रत्येकाला सुभेदाराच्या दारात चहा हवा होता. दुपारी मनुबाईनं साखरेचा रिकामा डबा उपडा करून दाखवला.

"आबा," वीरधवल कपाळाला हात लावून म्हणाला, "डिझेल परवडलं असतं वो."

"फुडल्या साली शीड नवं घ्यायचं," मनुबाई चुलीपाशीच बसून म्हणाली. "टायरचं पैसं वाचलं न्हवं? भगवं नको, पांढरं नको. मोरपंखी घ्या."

आबांनी उठून सलाम ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीची अंघोळ झाली. मनुबाईनं राजेश्वरीच्या हातातला टब सवयीनं ओढून घेतला आणि शेडात गेली. शेड रिकामं होतं. ओली गोणपाटं तेवढी पडली होती, आणि बसलेल्या टायरांची ट्रॉली. टब कमरेवर घेऊन ती शेडाच्या दाराशी आली. इथून तळं दिसायचं. बाभळीच्या शेंड्याला बांधलेली होडी पाण्यावर हलत होती.

मग ती वळली आणि कढीपत्त्याला म्हणाली, "घे बाबा. आता तुजी पाळी."