न मोजलेला आकडा

माझ्या पोटात पारा आहे, म्हणून आता मला कोणी हात लावत नाही. पारा सांडला तर विषारी, असे वरून पत्र आले आणि माझी रवानगी वॉर्डातल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवर झाली. मित्रांनो, मी रक्तदाब मोजणारी जुनी पेटी आहे. तुम्ही मला बीपीचे मशीन म्हणाल. माझे झाकण उभे केले की त्यावर काचेची नळी दिसते. दंडाला पट्टा गुंडाळून रबरी फुगा दाबला की त्या नळीत पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि कानाला स्टेथोस्कोप लावून ठोका कधी सुरू झाला, कधी थांबला, ते ऐकायचे. ऐकणारे माणूस नसेल तर मी नुसती पेटी.

माझी जुळणी एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाली. नळीवरच्या रेघा तपासणारी बाई मोठी खट होती. माझ्याआधीच्या दोन पेट्या तिने नाक मुरडून परत पाठवल्या. मला मात्र तिने पास केले, आणि तेव्हापासून आपल्या खरेपणाचा मला थोडा गर्वच आहे.

पुढची पंचवीस वर्षे मी पुरुषांच्या वॉर्डात काढली. नवखे डॉक्टर फुगा असा दाबायचे की पेशंटच्या डोळ्यांत पाणी यायचे. वॉर्डच्या मुख्य नर्सना, म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टरना, हे मुळीच खपत नसे. "अहो डॉक्टर, सायकलच्या चाकात हवा भरताय का?" असे त्या सर्वांदेखत विचारायच्या.

त्यांच्या हाताखाली एक सहायक नर्स आली. ती चालायची कमी आणि पळायची जास्त, म्हणून पेशंटांनी तिचे नाव घाईताई ठेवले. सहायक नर्सने ताप बघायचा, बीपी घ्यायचे, जखमा धुवायच्या, चादरी बदलायच्या. शिरेतून औषध देणे हे मात्र नोंदणीकृत नर्सचे काम. समोर माणूस वेदनेने कळवळत असला तरी घाईताईला "सिस्टरना बोलावते हं, काका" एवढेच म्हणता यायचे. ते तिच्या मनाला फार लागे. आपण शिकून नोंदणीकृत नर्स व्हायचे, हे तिने पहिल्याच वर्षी पक्के ठरवले.

ती येऊन तीन वर्षे झाली असतील. एका दुपारी वॉर्डात खाटा एकोणतीस भरलेल्या आणि कामावर दोघीच. खिडकीजवळच्या खाटेवर एक सुतारकाका होते, ऑपरेशननंतर बरे होत आलेले. त्यांचे बीपी दर दोन तासांनी घ्यायचे होते. घाईताईने तक्ता उचलला, आधीचा आकडा पाहिला आणि तोच खाली पुन्हा लिहून ती पुढच्या खाटेकडे धावली. मी शेजारच्या टेबलावर झाकण मिटून बसले होते. मला कोणी उघडलेच नाही. अर्ध्या तासाने सुतारकाका संडासला जायला उठले, घेरी येऊन कोसळले आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले. आतल्या आत रक्तस्राव होऊन त्यांचे बीपी केव्हाच उतरले होते. मोजले असते तर कळले असते.

कोणी विचारायच्या आत तिने मोठ्या सिस्टरना खरे सांगून टाकले. चुकीची नोंद खोडायची कशी, याची वॉर्डात एक रीत आहे. ती पुसायची नाही, गिरवायची नाही. तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते, आणि शेजारी खरे लिहून सही करायची. घाईताईने रेघ मारली आणि शेजारी लिहिले, 'मोजले नाही'. सिस्टरनी तिला खूप झापले, पण गोष्ट वॉर्डाबाहेर जाऊ दिली नाही.

त्यानंतर घाईताईची घाई संपली. दिवस सरले, बॅटरीवर चालणारी मशिने आली, मी कपाटात गेले. नोंदणीकृत नर्सच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळणे सोपे नव्हते. सहायक नर्सचा परवाना चालू हवा, वॉर्डातला अनुभव हवा, विज्ञानात निम्मे गुण हवेत, प्रवेश परीक्षा पास हवी आणि वय चाळिशीच्या आत हवे. विज्ञानाने तिला दोनदा दगा दिला. दुपारच्या सुट्टीत ती कपाटाला टेकून बसायची, मांडीवर डबा, हातात हृदयाच्या आकृत्यांचे पुस्तक, आणि ओठ सारखे पुटपुटत असायचे. तिसऱ्या खेपेला ती पास झाली. प्रवेश परीक्षाही झाली. तेव्हा तिला एकोणचाळिसावे वर्ष सरत आले होते.

आता मोठ्या सिस्टरचे शिफारसपत्र तेवढे राहिले होते. सिस्टर छापील अर्ज भरायला बसल्या आणि आठव्या प्रश्नाशी त्यांचा पेन थांबला. 'उमेदवाराच्या हातून कामात गंभीर चूक झाली आहे का? असल्यास तपशील द्या.'

"काय लिहू गं?" त्यांनी विचारले.

घाईताई म्हणाली, "नाही असं लिहा ना, सिस्टर. बारा वर्षं झाली त्याला. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. ही शेवटची खेप आहे माझी."

सिस्टरनी 'नाही' लिहिले, खाली सही केली आणि कागद तिच्याकडे सरकवला. दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

तासाभराने ती परत आली. अर्ज अजून तिच्या हातातच होता.

"सिस्टर, मला हे पचणार नाही. खरं काय ते लिहा."

"खाडाखोड असलेले अर्ज बाद होतात. खाली छापलंय, वाचलंस ना?"

"वाचलंय."

"दुसरा अर्ज मिळत नाही. उद्या शेवटची तारीख."

"तेही माहितीये."

सिस्टरनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी 'नाही'वर एक आडवी रेघ मारली, शेजारी 'हो' लिहिले, खाली सगळी हकीकत लिहिली आणि सही केली. "माझीही चूकच झाली," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर जीव आहे ना, म्हणून झाली."

अर्ज लगेच बाद झाला नाही. 'मुलाखतीत ठरवावे' असा शेरा त्यावर पडला. मला हे कसे कळले? मुलाखतीच्या दिवशी बीपी कानाने ऐकून मोजून दाखवायचे होते आणि माझ्यासारखी चालू पेटी आसपास दुसरी उरली नव्हती. म्हणून मला कपाटातून काढून, पुसून, नर्सिंग कॉलेजात नेले. खोलीत प्राचार्यबाई, एक डॉक्टर आणि खुर्चीवर कॉलेजचे पहारेकरी दंड उघडा टाकून बसलेले.

घाईताईने पट्टा बांधला, फुगा दाबला, हवा सोडू लागली. नेमका ठोका सुरू व्हायच्या वेळी बाहेरून ट्रॉली खडखडत गेली. तिने सगळी हवा सोडून दिली.

"नीट ऐकू आलं नाही. पुन्हा घेते."

"वेळ संपत आलीये," डॉक्टर म्हणाले.

"हो सर. पण ठोका ऐकलाच नाही तर आकडा सांगू कुठला?"

ती थांबली, मग तिने पुन्हा मोजले आणि बरोबर सांगितले. "थोडं वाढलंय, काका," ती पहारेकऱ्यांना म्हणाली, "दोन दिवसांनी परत दाखवा."

मग प्राचार्यबाईंनी अर्ज उघडला आणि आठव्या प्रश्नावर बोट ठेवले. "हे पेशंट पुढे कसे होते?"

"हाड जुळलं, पण कुबडी सुटली नाही. सुतारकाम गेलं. त्यानंतर चार वर्षं जगले ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"दर महिन्याला सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्या घरी बीपी बघायला जायचे. हीच पेटी घेऊन."

"चूक तुमची होती, हे त्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं होतं."

"मग?"

"वर्षभर एक शब्द बोलले नाहीत. तोंड भिंतीकडे करायचे आणि हात पुढे. मग एकदा मी गेले, तर ते आधीच बाही वर करून बसले होते."

मित्रांनो, ही गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नाही, कारण ती सांगण्याचा पहिला हक्क तिचा होता. सुतारकाकांच्या घरी कोपऱ्यात एक अर्धवट खुर्ची पडली होती, तीन पायांची. चौथा पाय बसवायला ते पुन्हा कधी कुबडीशिवाय उभे राहू शकले नाहीत. आणि घाईताईने परीक्षकांना एक वाक्य सांगितले नाही, ते मी सांगते. बाही वर केलेल्या त्या दिवशी सुतारकाका म्हणाले होते, "आज उशीर केलास गं. मी वाट बघत होतो."

प्राचार्यबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "खाडाखोड लपवायला करतात. इथे लपवलंय काय?" डॉक्टरांनी मान डोलावली. घाईताईने माझा पट्टा सोडून नीट गुंडाळून ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

प्रवेश मिळालेल्यांच्या यादीत तिचे नाव शेवटून दुसरे होते. ती आता वर्गात बसते, निम्म्या वयाच्या मुलींबरोबर. मोठ्या सिस्टर येता-जाता कपाटापाशी थांबून मला तिच्या बातम्या सांगतात.

उद्या मला न्यायला गाडी येणार आहे. माझ्यातला पारा काढून घेतील, मग मी काहीच मोजू शकणार नाही. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही, माझे काम झाले आहे. पण मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी ना कोणी उद्या एखाद्या आजाऱ्याच्या खाटेपाशी तक्ता हातात घेऊन उभे राहील. वरचा आकडा तयारच असेल आणि पुढे बरीच माणसे ताटकळत असतील. तेव्हा तक्त्यावरची नजर काढा आणि त्या माणसाचा हात हातात घ्या. तो तुमचीच वाट बघत असतो.